स्टोचे मानकरी

एकोणसाठ साली माझ्या सासूबाईंच्या, तुळजाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि डॉक्टरांनी त्यांना चुलीच्या धुराची बंदी केली. तेव्हापासून पहाटेचा चहा त्यांना माझ्याकडे मागावा लागे. मी देत होते, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण ज्या बाईनं उभ्या जन्मात शेजारी चिमूटभर मीठ मागितलं नाही, ती दाराआड उभी राहून "रत्ने, झाला का गं?" असं विचारायची, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, स्वतःच्या हातचा चहा हवा होता, बाकी काही नाही.

म्हणून माझ्या नवऱ्यानं पुण्याहून मुळशीला पंपाचा स्टो पाठवला. तो चुलीशेजारी जाण्याआधीच मामंजींनी ताब्यात घेतला. माझे सासरे हैबतराव यांना धड चाललेली वस्तू उघडल्याशिवाय चैन पडत नसे.

"ह्यो तरण्या माणसाचा ष्टो हाय," ते म्हणाले. "वाका, दाबा, बारीक भोक बगा. म्हाताऱ्यानं करायचं काय? आदी ह्याच्या पोटात काय हाय ते बगू, मग म्हाताऱ्यांजोगा करू."

घोंगडीवर स्टोची आतडी पसरली. मग मामंजींनी एकेक भाग गावातल्या म्हाताऱ्यांकडे पारखायला दिला. कुशाबांचे हात थरथरत, त्यांना पंप. कोंडाजींची कंबर धरलेली, त्यांना बर्नर. गोजराबाईंना दिसायचं कमी, त्यांना भोक साफ करायची पिन. खरं सांगते, विचार वाईट नव्हता. पंपाला नांगराची मूठ बसवा, दोन्ही हातांनी धरता येईल, असं कुशाबांनी सुचवलं. स्टो पाण्याच्या घडवंचीवर ठेवा, वाकायला नको, असं कोंडाजी म्हणाले. गोजराबाईंनी पिन लांब वेळूच्या काठीला बांधली, म्हणजे बोट भाजायला नको.

घोटाळा पानसुपारीनं केला. भाग देताना मामंजींनी सवयीनं वर पानसुपारी ठेवली होती. आमच्याकडे पानसुपारीसकट हातात आलेली वस्तू साधी वस्तू राहत नाही, तिचा मान होतो. त्यात आमचं जुनं गाव धरणात गेलेलं. देऊळ पाण्याखाली राहिलं, पालखी कुजली, मान तेवढे वर आले. कुशाबांकडे ढोलाचा मान होता, पण ढोल नव्हता. कोंडाजींकडे दिवटीचा होता, पण दिवटी नव्हती. माणसं नुसती तडफडत होती.

"पंप आमचा," कुशाबांनी सांगून टाकलं. "ढोलावाणीच हाय. आमी ठोकल्याबिगर ष्टो पेटायचा न्हाई."

"जाळ तितं दिवटीवाला," कोंडाजी म्हणाले. "बर्नर आमच्या घरात ऱ्हाईल. सकाळच्याला घेऊन येत जाऊ."

गोजराबाईंनी तर पिनेला कुंकू लावून ती काठीसकट देवापुढे उभी केली होती.

झालं! रोज पहाटे पागोटी बांधून मानकरी आमच्या दारात हजर. कोंडाजी उपरण्याखालून बर्नर काढायचे, कुशाबा नांगराची मूठ धरून धापा टाकायचे, गोजराबाई लांबून वेळूनं नेम धरायच्या. उजव्या अंगाला कोणी बसायचं यावरून रोज तंटा. आता मानकरी दारात आल्यावर त्यांना चहा दिल्याशिवाय कसं बसवायचं? म्हणून स्टो पेटवण्याआधी मी चुलीवर पातेलंभर चहा करायची. तो पिऊन झाला की स्टोवर चहा कशाला, असं म्हणून सगळे उठायचे. आत्याबाईंना मिळायचा तो चुलीवरचाच, शेवटचा आणि गार.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "अवं, पन मी काय करायचं ह्यात?"

"तू नुसतं बसायचं," मामंजी खुशीत म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला हितं कायबी करावं लागत न्हाई. हीच तर ह्यातली खुबी!"

आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला असा संताप आला, की ती घडवंची सगळ्यांसकट धरणात ढकलून द्यावी. पण सासऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती. मी एवढंच केलं, चुलीत पाणी ओतून जाळ विझवला. मानकऱ्यांचा चहा अर्ध्यावर राहिला.

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. "काडी कुनाची?" त्यांनी विचारलं.

मानकऱ्यांनी आपापला भाग चाचपला. काडेपेटी काही स्टोच्या पोटात नव्हती, तेव्हा तिच्यावर कुणाला पानसुपारी मिळाली नव्हती.

"काडी घरचीच की," मामंजी म्हणाले.

"मग ठेवा हितं सुपारी."

मामंजींनी चंची सोडली, सुपारी ठेवली. आत्याबाईंनी काडेपेटी कनवटीला खोचली आणि पदर आवळला.

"आता मीबी मानकरी. पिन फिरवा, पंप मारा अन् मागं सरा. काडी मी वढनार, आदन मी ठेवनार. न्हाई जमत तर काडी मिळायची न्हाई."

सुपारी घेतलेल्या माणसाला अडवणार कोण? सगळे मागं सरले. स्टो भरारा पेटला. घडवंची कंबरेइतकी होती, आत्याबाईंना वाकावं लागलं नाही. साखर त्यांनी मापली नाही, मुठीनंच टाकली.

चहाचा वास घरभर झाला. मीही पहाटेपासून उपाशी होते. कप घेऊन पुढे झाले.

"आत्याबाई, मला वाईच देता का?"

"दम धर रत्ने," त्या म्हणाल्या. "आदी माजा हूं दे."

आणि सगळे मानकरी ताटकळत उभे असताना त्यांनी बशी तोंडाला लावली.