पायाशी ठेवलेली टोपी

मी लाल देवळीतला शिपाई बोलतोय. ग्राँ-कूद गावाची शेवटची घरं संपली की जिरेनियमचं, म्हणजे अत्तराच्या सुगंधी झुडपांचं, एक पडीक शेत लागतं, त्याच्या कडेला सिमेंटची एक लाल पेटी आहे. तीच माझी देवळी.

मी संत नव्हे, संताचा पुतळा. तोही दगडाचा नाही, साध्या प्लास्टरचा. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर लाल झगा, हातात क्रूस. हिंदी महासागरातल्या या फ्रेंच रियुनियन बेटावर संत एक्स्पेदीला, त्या रोमन शिपायाला, कोण ओळखत नाही! अडलेली, तातडीची कामं म्हणजे त्याचं खातं. चर्चमध्ये जाणारे येतात, कपाळाला भस्म लावणारे मलबारी, म्हणजे इथले तमिळ वंशाचे हिंदूही येतात, आणि कशावरच विश्वास नाही म्हणणारे गुपचूप येतात. काम झालं तर फुलं, मेणबत्त्या, रमचा पेला. नाही झालं तर सरळ मुंडकं उडवायचं. किनाऱ्याच्या रस्त्यानं गेलात तर मुंडकी उडवलेले माझे भाऊ जागोजाग दिसतील. आम्ही सगळे एकाच साच्यातून निघालेलो, पण नशीब ज्याचं त्याचं.

माझं नशीब एलियेत नावाच्या बाईशी बांधलं गेलं. तिचा मुलगा लोइक तीन वर्षांचा झाला तरी पायावर उभा राहत नव्हता. डॉक्टर म्हणायचे थांबा, शेजारणी म्हणायच्या आता काय थांबायचं. तिनं नवस केला. एके सकाळी ती याच शेतात जिरेनियम कापत असताना पोरगं बांधाला धरून उभं राहिलं आणि चालत चालत तिच्या कमरेला येऊन बिलगलं. तिनं हातातला विळा तिथंच टाकला आणि पोराला छातीशी घेऊन ढसाढसा रडली.

त्याच महिन्यात ती राजधानीच्या दुकानातून मला घेऊन आली. सगळ्या वाटेत बसमध्ये मला मांडीवर धरून बसली होती. तिचा धाकटा भाऊ तेओदुल गवंडीकाम करायचा. त्यानं ही देवळी बांधली, रंगवली आणि म्हणाला, "ताई, जागा चुकली. इथं कुत्रंही फिरकत नाही. तो काय रानडुकरांना आशीर्वाद देणार?"

"पोरगं इथं चाललं, म्हणून तो इथं बसणार," एलियेत म्हणाली. विषय संपला.

आईनं लोइकला एक सवय लावली. लांब कुठं जायचं असेल तर संताजवळ आपलं काहीतरी ठेवून जायचं. ठेवलेलं घ्यायला परत यावंच लागतं, असं तिचं म्हणणं. लहानपणी तो गोट्या ठेवायचा, मोठा झाल्यावर रुमाल ठेवू लागला. परतताना उचलायचा आणि माझ्या शिरस्त्राणावर टिचकी मारून जायचा.

ज्या पायांसाठी नवस झाला, ते पाय पुढं थांबेचनात. लोइक गावातल्या शाळेची बस चालवायचा, आणि बस लावून झाली की डोंगरात पळत सुटायचा. इथं तसे सगळेच पळतात. ऑक्टोबरात बेट आडवं ओलांडायची मोठी शर्यत असते, तिच्यासाठी माणसं वर्षभर संसार बाजूला ठेवतात. मी त्यांना जवळून बघितलंय. पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशची दांडी कापतात, आणि घरी येऊन भात, डाळ, सॉसेजचं कालवण असं काही चापतात की वाचवलेलं वजन पोटात परत येतं. लाव्हाच्या खडकानं गुडघे सोलून निघाले तर ते एकमेकांना कौतुकानं दाखवतात.

तेओदुलला हे काही पटायचं नाही. भाचा माझ्यासमोर बुटाची नाडी बांधत असला की तो शेताच्या बांधावरून ओरडायचा, "कोण लागलंय रे मागं? पोलीस की सावकार?"

"तुम्हीच लागलाय, मामा. लग्न कर, लग्न कर म्हणत."

"मग पळ बाबा. पण सोललेले गुडघे दाखवून बायको मिळत नाही, एवढं ध्यानात ठेव."

मात्र लोइकचं खरं वेड शर्यतीचं नव्हतं. त्याला जुन्या वाटा उकरून काढायच्या असायच्या. पळून गेलेल्या गुलामांच्या वाटा, जिरेनियमचा अर्क काढणाऱ्यांच्या वाटा, झाडाझुडपांनी गिळलेल्या. त्याचे आजोबा अर्काचे डबे डोक्यावर घेऊन ज्या वाटेनं खाली दरीत उतरायचे, ती वाट माझ्या देवळीच्या मागूनच सुरू होते. एकदा तिच्यावरून येताना त्यानं तांब्याच्या भट्टीची मोडकी नळी आणली होती, आणि ती आईला दाखवताना त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू खजिनाच हाती लागलाय. ही वाट पुन्हा खुली करायची, आजोबांच्या नावाची पाटी लावायची, हे त्याच्या मनानं घेतलं.

मग एका वर्षी वादळ आलं आणि त्या वाटेवरचा कडा कोसळला. सरकारी माणसांनी आडवी फळी ठोकली, 'वाट बंद' असं लिहिलं. एलियेतनं लोइकला शपथ घातली. त्यानं शपथ घेतली, आणि फळीखालून वाकून जाणं सुरूच ठेवलं.

त्याच सुमारास माझेही दिवस फिरले. एका सकाळी माझ्या पायाशी काळ्या मेणबत्त्या दिसल्या, शेजारी कापलेला काळा कोंबडा आणि लाल फडक्यात बांधलेलं काहीबाही. कुणी कुणावर करणी केली ते मला आजही माहीत नाही. पण अशा वस्तूला इथं कुणी हात लावत नाही. हात लावला की त्या माणसाचं दुखणं आपल्या अंगावर येतं, म्हणतात. बघितलं तरी नजर बाधते. बायका मान वळवून जाऊ लागल्या. फुलं बंद झाली, झाडलोट बंद झाली. एलियेतचे गुडघे तोवर दुखू लागले होते, त्यात तेओदुलनं तिला बजावलं, "तिकडं पाऊल टाकायचं नाही, ताई. घरूनच हात जोड." माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली, झग्याचा लाल रंग पोपडे धरून गळू लागला.

एकटा लोइक येत राहिला. "मला करणी लागायची तर आधी मला गाठावं लागेल," म्हणून हसायचा.

ती ऑगस्टची सकाळ होती. हवा कोरडी, थंड आणि अगदी स्वच्छ. तो आला, डोक्यावरची निळी टोपी काढली. जुनी टोपी होती, फाटलेल्या कडेला आईनं लाल दोऱ्यानं टाके घातले होते. ती त्यानं माझ्या पायाशी, त्या काळ्या मेणाच्या शेजारी ठेवली.

"शिपाईदादा, जेवायच्या आत न्यायला येतो. आईला लाँजव्हँच्या दरीकडं जातोय म्हणून सांगितलंय, तेव्हा चुगली करू नका."

लाँजव्हँची दरी गावाच्या एका अंगाला, माझ्या मागची ही दरी दुसऱ्या अंगाला. तो फळीखालून वाकला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळानं खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. असा आवाज इथं नेहमीच येतो, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. मग शिट्टी ऐकू आली.

दरीत फोन लागत नाही, म्हणून पळणाऱ्यांच्या पिशवीत शिट्टी असावीच लागते, तसा नियमच आहे. अडचणीत सापडलं की वाजवायची. ती वाजत होती. जरा थांबायची, पुन्हा वाजायची. दुपारी धुकं वर चढलं तरी वाजत होती. त्या पडीक शेतापाशी ती ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी प्लास्टरचा. गावात माझ्या अंगी केवढी शक्ती आहे असं मानतात, आणि मला साधी मान वळवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. हेलिकॉप्टर आलं, आणि त्यानं आईला सांगितल्याप्रमाणे लाँजव्हँच्या दरीवर घिरट्या घालू लागलं. बसवाले, शाळेचे मास्तर, शर्यतीचे सोबती, सगळे तिकडं उतरले. वाटांची तोंडं तपासत एक डोंगरी पोलीस माझ्यापाशीही पोहोचला. कोवळा पोरगा, फ्रान्सहून नुकताच बदलून आलेला. वाट दाखवायला बरोबर तेओदुल होता. त्याचे डोळे सुजले होते, रात्रभर तो दरीच्या काठानं हाका मारत फिरला होता.

"ही वाट कुठं जाते?" पोलिसानं विचारलं.

"कुठंच नाही, साहेब. वादळात कडा कोसळला तेव्हापासून बंद आहे."

"तो इकडून गेला असेल?"

"आईची शपथ मोडून? आमचा लोइक तसला नाही."

पोलीस देवळीसमोर वाकला. "इथं एक टोपी आहे."

तेओदुलनं बघितलंच नाही. काळ्या मेणबत्त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसताच त्यानं मान फिरवली होती. त्यानं पोलिसाचा हात मनगटाशी घट्ट धरला. "हात लावू नका! वाहिलेली वस्तू आहे ती. करणीची जागा आहे ही."

"नुसती टोपी तर आहे, काका."

"तुम्ही जाल बदली होऊन, आम्हाला इथं राहायचंय. माझा भाचा सापडत नाहीये, साहेब. त्यात आणखी विघ्न नको. पाया पडतो तुमच्या."

पोलीस ओशाळला. दुसऱ्यांच्या देवाशी खेळू नये, एवढं त्याला कुणीतरी शिकवलं असावं. त्यानं हात मागं घेतला. त्या वेळी शिट्टी गप्प होती. लोइक थकून डोळे मिटून पडला असेल. दोघं निघून गेले आणि दुपार कलल्यावर ती पुन्हा वाजली, फार क्षीण. त्यानंतर वाजायच्या मधली शांतता लांबत गेली, आणि मग नुसती पाखरं ऐकू येऊ लागली.

शोध हळूहळू ओसरला. हेलिकॉप्टरचं येणं बंद झालं त्या दिवशी एलियेत आली. काठी टेकत, पाय ओढत, खांद्याला पिशवी. मागून तेओदुल विनवण्या करत होता.

"ताई, परत चल. तिकडं बघू नकोस."

"बघायला नाही आले. फोडायला आलेय."

तिनं पिशवीतून हातोडा काढला. तेओदुलच्याच सामानातला. माझ्यासमोर उभी राहिली. "तुला माझ्या पोराचे पाय दिले होते सांभाळायला," ती म्हणाली. "एवढी वर्षं तुझी झाडलोट केली. काय केलंस तू?"

मला वाटलं, मार. खरंच वाटलं. एका घावात सुटलो असतो.

तिनं हातोडा उचलला, आणि नेम धरताना तिची नजर खाली माझ्या पायाशी गेली. वितळलेलं काळं मेण, कोंबड्याची पिसं, आणि त्यातून डोकावणारे लाल टाके. हातोडा हळूच खाली आला. ती गुडघ्यांची पर्वा न करता बसली आणि उघड्या हातांनी ते मेण, ती पिसं बाजूला सारून तिनं टोपी उचलली.

"तेओदुल, ही कधीपासून आहे इथं?"

तेओदुलनं टोपी आत्ता पहिल्यांदा बघितली, टाके ओळखले.

"पोलीस आला होता ना इथं? तुझ्याबरोबर?"

"आला होता."

"त्याला दिसली नाही?"

"दिसली, ताई. मीच म्हणालो, हात लावू नका."

ती रडली नाही. उठून सरळ फळीखाली घुसली, "लोइक! लोइक!" करत. तेओदुलनं तिला कमरेला मिठी मारून धरली. ती त्याला ओरबाडत होती आणि तो तिला सोडत नव्हता.

त्या दुपारी हेलिकॉप्टर माझ्या मागच्या दरीत उतरलं. लोइक कोसळलेल्या कड्याखाली सापडला. एलियेतनं त्याच तरुण पोलिसाला विचारलं, "त्रास झाला का रे त्याला?"

पोलिसानं आधी तेओदुलकडं बघितलं. मग म्हणाला, "नाही, आई. पडला तेव्हाच गेला."

पण ओळख पटवायला तेओदुल गेला होता. लोइकनं आपलाच सदरा फाडून मोडलेला पाय बांधला होता. शिट्टी अजून त्याच्या ओठांत होती.

एलियेत आता येत नाही. मला तिनं फोडलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुला कशाला फोडू? तू तर दाखवत बसला होतास." भावाशी ती बोलते, वाढते, त्याचे कपडे धुते. त्याला एक शब्दही लावून बोलत नाही, आणि तेच त्याला सोसवत नाही.

तेओदुल मात्र रोज येतो. काळं मेण त्यानं नखांनी खरवडून काढलं, माझ्या झग्याला नवा रंग दिला. सगळं झालं की बांधावर बसतो, दरीकडं कान लावतो आणि मला विचारतो, "इथंवर ऐकू येत होती का रे शिट्टी? मी पोलिसाबरोबर इथं उभा होतो, तेव्हा तो जिवंत होता का?"

तुम्ही पळणारे लोक, अजूनही या बाजूनं जाता. माझं एक मागणं आहे. कुठल्या वाटेनं निघालात ते घरी खरं सांगून जा. कुणाच्याही पायाशी, कसल्याही मेणाशेजारी काही पडलेलं दिसलं तर मान फिरवू नका. हात लावा, उचला, ज्याचं असेल त्याच्या माणसांना नेऊन दाखवा. बाधा व्हायचीच असेल तर ती मला होऊ दे.

आणि बांधावर एक म्हातारा गवंडी बसलेला दिसला, त्यानं शिट्टीचं विचारलं, तर सांगा की एवढ्या लांब काहीच ऐकू येत नाही.