चार्जिंगची वायर कुणी काढली

मित्रांनो, कुंभकोणमच्या रस्त्यांवर धूर सोडत, खोकत जाणारी निळी डिझेल व्हॅन दिसली, तर ती मीच समजा. म्हातारपणाचं मला दुःख नाही. मला राग आला आहे.

तरुणपणी मी तांदळाची पोती वाहिली, लग्नाची भांडी वाहिली. मालकीण मीनाक्षीबाई रोज माझ्या काचेला कुंकू लावायच्या. मग बॅटरीची तीनचाकी आली आणि कुंकू तिच्याकडे गेलं. जाऊ दे. ती गुणी आहे, आणि तिला चालवणारी अंबुजा तर तिला लेकरासारखी जपायची.

कोणती गाडी कुठे जाईल, ते बाईंचा मुलगा अरुणकुमार संगणकावर ठरवतो. सोमवारी नाचियारकोविलच्या पितळी समया आडुतुरैच्या लग्नघरी न्यायच्या होत्या. डिझेल वाचावं म्हणून, बॅटरी पूर्ण भरलेली धरून, त्याने ती फेरी तीनचाकीला दिली. पण रात्री वीज गेली होती.

सकाळी अंबुजा म्हणाली, "अम्मा, अजून निम्मीही भरली नाही."

"राहुकाळ लागेल. त्याच्या आत निघायचं म्हणजे निघायचं," असं म्हणून बाईंनी स्वतःच्या हाताने वायर उपटली. अरुणकुमार दारातच उभा होता.

अहो, राहुकाळ पाळायला माझी ना नाही. गाडी फाटकाबाहेर नेऊन उभी केली असती, वायर तिथवर पोचते, तरी राहुकाळाआधी निघाल्यासारखंच होतं. नाहीतर मी होतेच की.

एवढ्या जड समया घेऊन तीनचाकी भर उन्हात वाटेतच थांबली. तिथून पुढे त्या समया मी पोचवल्या, पण मुहूर्त टळून गेला होता.

संध्याकाळी बाई कडाडल्या, "गाडी सांभाळता येत नाही, तर घरी दारात कोलमची रांगोळी घालत बस. किल्ली ठेव."

"अम्मा, वायर तुम्हीच काढलीत."

"माझ्यावर ढकलतेस? अरुण, सांग हिला."

अरुणकुमार मोबाईलकडे बघत म्हणाला, "जाऊ दे ना आई, विषय संपव."

अंबुजाने तीनचाकीची काच पदराने पुसली, किल्ली ठेवली आणि ती गेली. मी जागच्या जागी जळत राहिले. माझा भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

मित्रांनो, गाड्यांना जपा, धुवा, पुसा. पण त्या चालवणाऱ्या माणसावर खोटा आळ आला, तर मोबाईलमध्ये तोंड घालून उभे राहू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.