माझा धूर कुणाचा?

मी एक जुनी डिझेल व्हॅन आहे आणि मित्रांनो, मला माझ्या धुराची लाज वाटते. पण तो माझा नाही, असे मी कधी म्हटले नाही. ज्यांनी म्हटले, त्यांची गोष्ट सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. घरपोच माल विकणाऱ्या एका बड्या कंपनीने मला विकत घेतले आणि माझ्या दोन्ही कुशींवर एकेक मोठे हिरवे पान चिकटवले. पानाखाली लिहिले होते, 'आमची वाटचाल, स्वच्छ हवेकडे.' वचन बाजूला असायचे, धूर मागून सुटायचा. दोघांची कधी गाठ पडली नाही.

माझा चालक उंच, शांत माणूस होता. आम्ही दारोदार खोकी पोचवायचो. भल्यामोठ्या खोक्यात कधी नुसता कंगवा असे. एका कंगव्यासाठी मी अर्धे शहर ओलांडले आहे. वेळ गाठायची म्हणून प्रत्येक दारापुढे इंजिन चालूच ठेवायचे, अशी आम्हा सगळ्यांची रीत होती. फक्त एका जागी तो किल्ली फिरवून मला गप्प करी, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी. "पोरांच्या नाकात जातो गं," असे मलाच समजावी. त्यापायी उशीर होई, बोलणी बसत, पण त्याने ती सवय सोडली नाही.

मग कंपनीने जाहीर केले की आपल्या गाड्यांचा धूर ती शून्यावर आणणार. मला आनंद झाला. वाटले, आता विजेवर चालणारी एखादी धाकटी बहीण माझी जागा घेईल. थोड्या बहिणी आल्याही. त्यांना पुढच्या आवारात, लोकांच्या नजरेसमोर ठेवले. आम्हा जुन्यांचे वेगळेच झाले. साहेबांनी चालकांना बोलावले आणि हसतमुखाने म्हणाले, "अभिनंदन! आजपासून गाड्या तुमच्या. तुम्हीच मालक!"

माझ्या अंगावरची पाने खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच खोकी, तोच धूर. फक्त तो आता कंपनीच्या हिशेबात नव्हता.

"काय मालक, आज किती धूर कमावला?" गोदामातले हमाल चेष्टा करत.

"भरपूर! पण साठवायला जागा कुठंय?" माझा चालक म्हणे. तेव्हापासून त्याचे नावच मालक पडले.

पण उन्हाने माझा सगळा रंग पिवळट झाला होता आणि पानाखालची जागा तेवढी पांढरी राहिली होती. पान खरवडता आले, त्याचा आकार कोण खरवडणार?

एका सकाळी मालक झोपेतून उठलाच नाही. मी गोदामाच्या आवारात त्याची वाट पाहत उभी होते, पोटात आदल्या दिवशीची राहिलेली खोकी होती. आली ती त्याची मुलगी. ती आता चांगली मोठी झाली होती. साहेबांनी घरी येऊन दोन शब्द बोलावेत, एवढेच तिने मागितले.

"वाईट झालं, ताई," साहेब म्हणाले. "पण ते आमचे कर्मचारी नव्हते. आणि हो, गाडीवरची ती खूण तेवढी रंगवून घ्या. रंग आम्ही देतो. उद्या पाहुणे यायचेत."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. बापाच्या मापाची सीट तिने पुढे ओढली नाही. सीटच्या अगदी कडेवर बसून तिने पाय ब्रेकपर्यंत पोचवले आणि मला थेट पुढच्या आवारात नेले. तिथे धाकट्या बहिणी ओळीने उभ्या होत्या, फोटो निघत होते, फलकावर मोठे शून्य रंगवले होते. मी त्याच्यासमोर उभी राहिले. इंजिन चालू.

साहेब धावत आले. "अहो ताई, हे काय? रंग नाही लावला?"

"तुमची खोकी राहिली होती. ती द्यायला आले."

"आधी इंजिन बंद करा! केवढा धूर होतोय!"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"तुमचा तर नसणार. तुमचा शून्य झाला ना? तिथं लिहिलंय की."

पाहुण्यांत कुणीतरी फिस्सकन हसले. साहेबांना ठसका लागला. "तुम्हाला हवंय तरी काय?"

"एवढंच म्हणा, की ही गाडी तुमची होती. आणि माझे बाबाही."

साहेबांनी माझ्या कुशीवरच्या पांढऱ्या पानाकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे. बोलला तो मागे उभा असलेला एक हमाल. "मालक आमचे होते, ताई. कोण नाही म्हणतो ते बघतोच."

तेव्हा तिने किल्ली फिरवली. शाळेच्या फाटकाशी तो फिरवी, तशीच हळूच.

आज मी तिच्या दारात उभी आहे. तिने मला रंग लावलेला नाही. मित्रांनो, तुमच्या दाराशी खोके येईल तेव्हा त्यावरच्या हिरव्या पानाबरोबर ते आणणाऱ्या गाडीच्या मागेही पाहा, आणि ती चालवणाऱ्याकडेही. मला भंगाराची भीती नाही. खुशाल मोडा, वितळवा, माझ्या पत्र्याची शाळेत बाके करा. पण आधी माझा धूर मोजा, आणि ज्याचा आहे त्याच्या नावावर लिहा. तोवर मी इथून हलणार नाही.