काझच्या हातातली तार

आमच्या नदीकाठच्या ट्रेंटनात वॉलाय मासा काठीनं नव्हे, हातानं पकडतात. तारेच्या टोकाला पाऊण किलो शिसं, त्यामागे गळ लावलेले दोन नकली मासे आणि तार नुसत्या बोटांत. मोटारबोट प्रवाहाविरुद्ध हळूहळू न्यायची, शिसं तळाला टेकलं की उचलायचं, पुन्हा टेकवायचं. वॉलाय तोंड लावतो तेही चोरून. बोटांना कळलं तर कळलं.

माझ्या नवऱ्याच्या, काझच्या, बोटांना ते कळेनासं झालं होतं. रक्तातल्या साखरेनं आधी पाय बधिर केले, मग हात. मला ठाऊक होतं, त्यालाही असणारच. पण खापर फुटत होतं ते नकली माशांवर.

"हा हिरवा बघूनच मासे पळतात," एप्रिलातल्या एका ढगाळ सकाळी तो म्हणाला. मी मागे मोटार धरून बसले होते. "पाणी गढूळ आहे, बर्नी. जांभळा लावतो."

"काल जांभळ्यालाच शिव्या देत होतास."

"काल पाणी वेगळं होतं."

"आणि परवा गळ बोथट होते. त्या बिचाऱ्या गळांनी तुझं काय घोडं मारलंय रे?"

तो हसला नाही. तळ लागल्याचं कळत नव्हतं म्हणून शिसं खडकात अडकायचं, तार तुटायची, आणि हा प्रवाहाच्या नावानं बोटं मोडायचा. मी नवी तार काढून द्यायचे. नदी सुटली तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल, हे मला दिसत होतं.

जांभळा बांधून त्यानं तार सोडली. "जरा धर, कॉफी घेतो."

मी धरली आणि लगेच पोरानं बाही ओढावी तशी ओढ लागली. मासा! मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा त्यालाच मिळू दे.

"घे बाबा तुझी तार, माझा हात गारठला."

त्यानं घेतली.

"काही नाही," तो म्हणाला. "रिकामी आहे."

तार त्याच्या बोटांत थरथरत होती, पाणी कापत डावीउजवीकडे पळत होती. माझी नजर कुठे आहे हे त्यानं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"ओढ तू."

"अरे, तुझा आहे तो."

"बर्नी, ओढ."

मी ओढला. जाळं त्यानं धरलं. एवढा मोठा वॉलाय आम्ही कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि मला तो अजिबात नको होता.

धक्क्यावर काझचा जुना मासेमार दोस्त स्टॅन कोवाच बोट सोडत होता. "अबब! कुठल्या नकली माशावर घेतलास?"

या प्रश्नाला आमच्याकडे कुणी खरं उत्तर देत नाही. काझ तर थापांचा बादशहा. तो एक सांगायचा आणि स्टॅन मुद्दाम दुसरंच करायचा.

"जांभळा, पोटाला नारिंगी," काझ म्हणाला. "बारीक गळ. पुलाच्या वर, खडक संपतात तिथे. तार हिच्या हातात होती."

"म्हणजे पिवळा, पुलाच्या खाली. समजलो, लबाडा!"

काझनं तो जांभळा सोडवला. गाठ बोटांना सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. स्टॅनच्या हातात ठेवून म्हणाला, "ठेव तुला. पेटीतले बाकीचेही घेऊन जा."

स्टॅनचं हसू विरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागले.