मागच्या दाराचा कठडा

मागच्या दाराबाहेरच्या दोन पायऱ्यांना हाताला धरायला कठडा हवा होता. एवढंच काम. पण ते मिस्तरींच्या हाती पडलं आणि तिथंच घोडं अडलं.

मिस्तरी म्हणजे काही खरे मिस्तरी नव्हेत. जन्मभर त्यांनी पाणीखात्यात नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात एक रंधा विकत आणला, एका फळीवरून तो फिरवला, आणि लाकडाची पातळ साल वेटोळं घेऊन निघाली ती बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन आले. ती म्हणाली, "वा, मिस्तरी!" तेव्हापासून घरात आणि गल्लीत तेच नाव पडलं. त्यांनाही ते आवडलं होतं. साहेब म्हणवून घेताना कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

गाडी विकून टाकली होती, म्हणून गॅरेज रिकामं होतं. तिथं त्यांनी आपलं दुकान मांडलं. आणि बायकोनं पहिली मागणी केली ती कठड्याची. तिचा उजवा गुडघा कुरकुरत होता. स्वयंपाकघरातून परसात उतरायला दोनच पायऱ्या, पण वरची झिजून बाहेरच्या बाजूला कललेली. कपडे वाळत घालायचे परसात, कुंड्या परसात, लिंबाचं झाड परसात. दिवसातून दहा खेपा व्हायच्या तिच्या. एका हातात बादली, दुसरा हात दाराच्या चौकटीवर, आणि चौकट सुटली की मग काहीच नाही, नुसती हवा.

"काहीही चालेल," ती म्हणाली. "नुसता एक दांडका ठोकलात तरी चालेल मला."

हे मात्र मिस्तरींना लागलं. घरात एवढी हत्यारं असताना मागच्या दाराला दांडका? लोक काय म्हणतील? (लोक म्हणजे कोण, तर शेजारच्या शिंपीणबाई. त्यांच्याखेरीज त्या परसात डोकावणारं दुसरं कुणी नव्हतं.) कठडा करायचा तर नीट करायचा, सागवानी, खाचेत खुंटी बसवून, एकही खिळा न मारता. तळहात फिरवला तर कुठं सांधा आहे ते कळता कामा नये.

पण तसं काम जमिनीवर बसून होत नाही, त्याला टेबल लागतं. म्हणून आधी टेबल करायला घेतलं. आता टेबल म्हणजे तुमच्या-आमच्या जेवणाचं नव्हे. चांगल्या जाड, लांबलचक फळ्यांचं, हातोडा आपटला तरी न हलणारं. ते करण्यात उन्हाळा गेला. मग हत्यारं इकडेतिकडे पडतात, धार बोथटते, म्हणून हत्यारांचं कपाट. कपाटाला खण. खणांना मुठी. मग करवत सरळ चालावी म्हणून एक चौकट, खाचा एकसारख्या पडाव्यात म्हणून आणखी एक. गॅरेज कसं दृष्ट लागण्यासारखं सजलं! आणि दाराबाहेर बायको चौकटीला धरून उतरत राहिली.

ती अधूनमधून विचारायची. चिडून नाही, चेष्टेनंच. कठड्याला अजून दात यायचेत का, असं एकदा म्हणाली. त्यावर मिस्तरींनी तिला समजावून सांगितलं की लाकूड आणलं की लगेच कापायचं नसतं. ते घरात ठेवायचं, इथली हवा त्याच्या अंगात मुरू द्यायची, नाहीतर पुढं वाकतं, तडकतं. खोटं नव्हतं ते. मिस्तरी खोटं कधीच बोलत नसत. त्यांच्याकडं प्रत्येक उशिराला एक खरं कारण असायचं, हीच तर पंचाईत होती.

तिनं विचारणं कधी थांबवलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सल्ले द्यायला मात्र मिस्तरी एका पायावर तयार. गल्लीत कुणी स्क्रू पिळताना दिसला की हे पुढं. आधी साबणावर घासा, लोण्यासारखा आत जाईल. पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच चालवा, आडवा चालवलात तर ओरखडे जन्मभर दिसतील. मशीन सुरू करायचं तर डोळ्यांना चष्मा आणि कानांवर झाकणं, त्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. कान गेले तर परत येत नाहीत, असं ते बजावून सांगत.

तर अखेर कठडा झाला. खरंच झाला. दोन खांब, वर मुठीत बसेल असा गोलसर दांडा, सांधा शोधून सापडणार नाही. पण पॉलिशवर बारीक धूळ बसली. मिस्तरींनी पुन्हा घासून काढला आणि पुन्हा पॉलिश केलं. पुन्हा एका कोपऱ्यात थेंब ओघळलेला दिसला. दुसऱ्या कुणाला तो भिंग लावूनही दिसला नसता. मिस्तरींना दिसला.

त्या सकाळी ते तिसऱ्यांदा कठडा घासत होते. मशीन सुरू होतं, कानांवर झाकणं होती. कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा वळून पाहिलं तर शिंपीणबाई. त्यांचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. झाकणं काढली तेव्हा कळलं, बायको परसात पडली होती. ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरत होती. शिंपीणबाईंना भिंतीपलीकडून तिच्या हाका ऐकू गेल्या होत्या. किती वेळ हाका मारत होती, हे मिस्तरींनी त्यांना कधीच विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी एक्सरे उजेडावर धरला, तर आत सळई होती आणि तिला धरून ठेवणारा एक लांब स्क्रू. स्क्रू दिसला की मिस्तरींना काहीतरी बोलायचं असायचं. त्या दिवशी तोंडाला कुलूप लागलं.

ती दवाखान्यात असतानाच त्यांनी कठडा बसवून टाकला. थेंब तसाच राहिला. घरी आल्यावर तिला दिसेल, बरं वाटेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. ती आली ती वॉकर घेऊन, आणि तिच्याबरोबर राहायला मुलगी आली. स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत यायलाच तिला दम लागला. दारात उभं राहून तिनं कठड्यावर हात फिरवला.

"छान झालाय हो," ती म्हणाली. "किती गुळगुळीत."

त्यापेक्षा तिनं दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. पायऱ्या मात्र बंद, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. आता नाही, आणि पुढंही बहुतेक नाहीच. मग ती दाराशी खुर्ची टाकून बसू लागली. कुठल्या कुंडीला किती पाणी ते तिथून सांगायची, मिस्तरी घालायचे, आणि चुकीच्या कुंडीत घालायचे. एकदा म्हणाली, लिंबाला बार आलाय वाटतं, इथवर वास येतोय. मिस्तरींनी मान वर केली नाही.

एके रात्री जेवणं आटोपल्यावर मुलगी भांडी विसळत होती. आई आत झोपलेली. मिस्तरी कठड्याच्या त्या थेंबाबद्दल काहीतरी सांगू लागले, सवयीनं. मुलीनं नळ बंद केला.

"बाबा, मी गेल्या वर्षीच लोखंडी पाइप बसवायला माणूस पाठवत होते," ती म्हणाली. "आईनंच नको म्हटलं. म्हणाली, ते करतायत, त्यांचं मन मोडेल."

मुलीचे डोळे भरून आले होते, आणि राग त्यांच्यावर होता तेवढाच स्वतःवर होता. आपण आईचं ऐकायलाच नको होतं, एवढंच ती पुटपुटली आणि नळ पुन्हा सोडला.

मिस्तरींचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांच्या मनाला जपायचं म्हणून ती वर्षभर दुखऱ्या गुडघ्यानं हवेला धरून उतरली होती. आणि ते मन काय करत होतं? खणांना मुठी बसवत होतं!

सकाळी चहासुद्धा न घेता ते गॅरेजमध्ये गेले. टेबलासमोर उभे राहिले. लांब, जाड, सरळ फळ्या. वॉकरच्या पायांना उतरायला उतार हवा तर असल्याच फळ्या हव्यात. त्यांनी पाना घेतला आणि टेबल सोडवायला सुरुवात केली. ज्या टेबलावर ते कुणाला चहाचा कप ठेवू देत नसत, त्याच्या फळ्या त्यांनी परसात ओढत नेल्या. दोन फळ्या शेजारी-शेजारी आणि त्यांच्यापुढं आणखी दोन जोडून पायऱ्यांवरून थेट लिंबाच्या झाडापर्यंत उतार टाकला. खाली टेकू द्यायला टेबलाचेच पाय कापले. वॉकर घसरू नये म्हणून कपाटाच्या फळ्या चिरून आडव्या पट्ट्या ठोकल्या. खिळ्यांनी. रंधा नाही, पॉलिशपेपर नाही. कठडा मधे येत होता. तो उखडून काढला, खालचे खांब करवतीनं कापले आणि दांडा उताराच्या कडेनं साध्या खुंट्यांवर ठोकून टाकला. सांधा फाटला तेव्हा कडकन आवाज आला. शिंपीणबाई भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी न सांगता दुसरं टोक धरलं.

उन्हं कलायच्या आत काम झालं. मिस्तरींनी आधी स्वतः त्यावर नाचून बघितलं, मग मुलीला नाचवलं. फळ्या हलल्या नाहीत.

मग ती आली. मागं मुलगी, बाजूला मिस्तरी, हात पुढं धरून, पण न लावता. वॉकर पट्टीपट्टीवर टेकवत, मधेच थांबून कठड्याला धरत ती उतरली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. एक फांदी वाकवून तिनं हिरवी लिंबं बघितली. मिस्तरींचा जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

मग तिनं वळून उताराकडे बघितलं. खिळ्यांची डोकी, करवतीचे दात उमटलेल्या कडा, वेड्यावाकड्या पट्ट्या. नीट, पहिल्यापासून शेवटापर्यंत बघितलं.

"हे कधी केलंत?"

"आजच. सकाळी धरलं."

"एका दिवसात?"

त्यांनी मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. मिस्तरी तिला इतकी वर्षं ओळखत होते, टोमणा असता तर कळला असता.

"मला वाटायचं, फार अवघड असेल," ती म्हणाली. "म्हणून मग परत विचारलं नाही."

मुलगी दुसरीकडे बघू लागली. मिस्तरींच्या हातात अजून हातोडा होता. लाकूड मुरू द्यावं लागतं, टेबल लागतं, धार लागते, सगळी खरी कारणं त्यांना अजून तोंडपाठ होती.

"नव्हतं गं अवघड," ते म्हणाले.

"असं होय," ती म्हणाली. तिचे पाय भरून आले होते, म्हणून मुलीनं खुर्ची आणली, आणि मिस्तरींनी दोरीवरचे कपडे काढायला घेतले.