ओल्या पायांचे स्नायू

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली कपडे धुण्याचं दुकान, वर मोठा हॉल आणि मधल्या बत्तीस पायऱ्यांवर आमची अख्खी गल्ली. बसचालक काका पोट सांभाळत उभे होते, शिवणवर्गातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकून होत्या आणि पोस्टातला कारकून न उघडलेला डबा काखेत मारून रेटारेटी करत होता. सगळ्यांना वर जायचं होतं, कारण वर शिल्पगुरू बसले होते. शिल्पगुरू म्हणे माणूस कोरतात! छिन्नी नको, हातोडा नको, व्यायाम तर नकोच नको. डोळे मिटून बसायचं आणि रात्रीचं जेवण सोडायचं. एकवीस दिवसांत चरबी जाते आणि तिच्या जागी स्नायू येतात.

"येतात कुठून?" मी काकूला विचारलं.

"आतून," काकू म्हणाली आणि मला कोपराने ढोसलं. "गप्प बैस गब्बू. ताईचा नंबर आलाय."

गब्बू म्हणजे मी. ताई म्हणजे काकूची मुलगी, माझ्याहून एका वर्षाने मोठी. आमची खोली एक, कपाट एक, आरसा एक. आरशापुढे जास्त वेळ कोण असतं ते विचारू नका.

आम्ही रेटत हॉलमध्ये शिरलो तेव्हा शिल्पगुरूंनी बाह्या वर सारल्या. दंडांना तेल चोपडलेलं, त्यामुळे ते नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखे चकाकत होते.

"चरबी म्हणजे काय?" त्यांनी आवाज लावला. "थिजलेला अहंकार! तो वितळला की आतला स्नायू जागा होतो. लोक विचारतात, गुरुजी, व्यायाम? मी म्हणतो, घोडा जन्मभर धावतो. घोड्याला मुक्ती मिळाली का?"

"नाही!" हॉल ओरडला.

घोड्याला स्नायू मात्र मिळालेत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मंचावर काचेचा वजनकाटा होता. त्यावर धातूच्या चार पट्ट्या. माणूस अनवाणी उभा राहिला की वजन, चरबी आणि स्नायू यांचे आकडे मागच्या भिंतीवर मोठे होऊन झळकायचे. पहिल्या दिवशी गुरू प्रत्येकाच्या तळव्यांना स्वतःच्या हातांनी पांढरी भुकटी चोळत. त्याला म्हणायचं 'पादलेपन'. एकविसाव्या दिवशी तेच पाय मिठाच्या कोमट पाण्याने धूत, ते 'पादप्रक्षालन'. नावं अशी, की पायांनासुद्धा आपण कुणीतरी आहोत असं वाटावं.

ताईचा आज एकविसावा दिवस, तिचे पाय धुतले गेले. ती ठिबकत्या पायांनी काट्यावर चढली. भिंतीवर जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी आले. वजन पंचावन्न होतं, आता साडेएक्कावन्न. चरबी बत्तीस टक्के होती, आता तेवीस. स्नायू वर! टाळ्यांनी छत हललं. काकू रडायला लागली. कारकून "वा वा" म्हणत डबा अजून घट्ट धरून बसला.

आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का, ते सांगते. शाळेच्या वेटलिफ्टिंग संघात पंचावन्न किलोच्या गटात एकच जागा होती आणि दावेदार आम्ही दोघी. निवड शनिवारी. पाच महिने मी पहाटे उठून खेळाच्या बाईंपुढे लोखंडी बार खांद्यावर घेऊन बैठका मारल्या होत्या. पंधरा किलोवरून चाळीसवर आले होते. अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं, दही, सगळं वेळेवर पोटात. आणि काटा? पाच महिन्यांपूर्वी चोपन्न, आजही चोपन्न! घरात रोज एकच विनोद: "गब्बू, तुझा काटा गंजलाय का गं?" ताईने तीन आठवड्यांपूर्वी सराव सोडला, सतरंजीवर मांडी घालून बसली आणि टाळ्या घेऊन गेली.

त्यात गुरूंनी ताईच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, "शनिवारी ही मुलगी सरावाशिवाय पन्नास किलो उचलेल!"

पन्नास! मी चाळीसवर घामाघूम होत होते.

मला तेव्हा सत्यबित्य काही शोधायचं नव्हतं. ताई खोटी ठरायला हवी होती, एवढंच. उगाच थोर कशाला व्हा?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी औषधवाल्या काकांच्या दुकानात शिरले. त्यांच्याकडेही तसाच काटा आहे. आम्ही दोघी दर महिन्याला तिथे वजन करतो आणि काका ते वहीत लिहून ठेवतात.

"थांब, फरशी पुसतोय!" काका ओरडेपर्यंत मी चपला काढून ओल्यातून चालत काट्यावर चढलेसुद्धा.

वजन चोपन्न. ते सवयीचंच. पण चरबी बावीस!

"काका! गेल्या आठवड्यात पंचवीस होती!" मी काट्यावरच नाचले. "मीपण कोरली गेले!"

"आधी खाली उतर. काच फोडशील."

उतरले आणि काचेवर माझे ओले पाय उमटलेले दिसले. खरं सांगू? मत्सराने जन्मात पहिल्यांदा माझं भलं केलं. एरवी मी आनंदात घरी पळाले असते. पण मनात आलं, 'मला तीन टक्के असे फुकट मिळतात? मला? कधीच नाही.' मी ओढणीने पाय कोरडे केले आणि परत चढले.

पंचवीस.

पाय ओले केले. बावीस. पुसले. पंचवीस.

काकांनी चष्मा कपाळावर सारला. "दुकानात मीठ आहे, टाल्कम पावडर आहे आणि गिऱ्हाईक एकही नाही. कर काय करायचं ते."

पावडर लावली. एकोणतीस! मिठाचं पाणी लावलं. वीस! दहा मिनिटांत मी जाडी झाले, बारीक झाले आणि पुन्हा जाडी झाले, तेही जागेवरून न हलता.

"अगं, हे यंत्र चरबी बघत नाही," काका म्हणाले. "एका पायातून अगदी बारीक वीज आत सोडतं, दुसऱ्या पायातून ती परत येते. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते. किती अडली त्यावरून यंत्र आपला अंदाज बांधतं."

"आणि तळव्यालाच भुकटी लावली तर?"

"दारातच अडेल. बिचाऱ्या यंत्राला काय कळणार? त्याला वाटतं, बापरे, केवढी चरबी!"

"आणि खारट पाण्याने?"

"मीठ आणि पाणी असलं की वीज सुसाट."

वर्गात मिठाच्या पाण्यात दोन तारा बुडवून दिवा पेटवून दाखवला होता, तेव्हा मी मागच्या बाकावर कानातलं शोधत होते. आता सगळं एका दमात समजलं. मग वही उघडली. ताईची महिन्यापूर्वीची नोंद, पाय पुसून घेतलेली: वजन पंचावन्न, चरबी सत्तावीस. पानावर बोट ठेवूनच मी पुढचं विचारलं आणि माझा आवाज खाली आला.

"काका, तीन आठवडे नीट न जेवता, न हलता साडेतीन किलो गेले. मग नेमकं काय गेलं?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "पाणी गेलं. थोडी चरबी. आणि स्नायू. शरीराला खायला मिळालं नाही आणि स्नायूंना काम नाही, तर ते तेही मोडून खातं."

आणि या अंगाने ती परवा पन्नास किलो उचलणार होती. आग अजून होतीच, पण तिच्याखाली आता भीती बसली.

घरी ताईला सांगितलं. ती आरशापुढे होती.

"जळतेस तू माझ्यावर," ती म्हणाली.

"हो, जळते! पण तू बार उचलू नकोस."

"म्हणजे जागा तुला मिळेल. हुशार आहेस!"

जागा मला खरंच हवी होती.

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा हॉल भरला. ताई मंचावर, गुरूंच्या उजव्या हाताला. नव्या साधकांत पहिले बसचालक काका. त्यांच्या तळव्यांना भुकटी लागली, ते काट्यावर चढले. भिंतीवर छत्तीस टक्के.

"अरेरे! केवढा अहंकार!" गुरू कळवळले.

मी उठले. हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, यांचे पाय आत्ताच धुवा ना."

"प्रक्षालन एकविसाव्या दिवशी, बाळ. आधी धुतले तर पाप लागतं."

"पाय धुतल्याने पाप?" बसचालक काका चक्रावले. "माझी बायको तर रोज त्यासाठीच ओरडते!"

हॉल हसला. त्या हशात मी मंचावर चढून मिठाच्या पाण्याचं घंगाळ पुढे ओढलं आणि काकांनी निरागसपणे त्यात पाय बुडवले. पुन्हा काट्यावर. तीस टक्के.

हशा थांबला.

"सहा टक्के गेले?" काकांनी पोटाकडे पाहिलं, मग कमरेकडे. "मग माझा पट्टा का सैल झाला नाही?"

"परिणाम सूक्ष्म असतो!" गुरू म्हणाले.

"सूक्ष्म? मला तर पट्ट्याचं भोक बदलायचं होतं!"

मी त्यांचे पाय पुसून भुकटी लावली. छत्तीस. पुन्हा धुतले. तीस. तिसऱ्या खेपेला लोक आकडा यायच्या आधीच ओरडायला लागले. काकांना तर मजाच वाटत होती. मग मी सगळ्यांना वीज, भुकटी आणि मीठ समजावलं. अडखळत, पण समजावलं.

"अश्रद्धेने यंत्र बिघडतं!" गुरू गरजले.

"बिघडलेलं यंत्र तीनदा तोच आकडा देतं होय?" शिवणवर्गाच्या बाई मागून म्हणाल्या. "माझं मशीन बिघडलं तर टाका एकदाही धड पडत नाही."

मला थांबता आलं असतं. नाही थांबले. "आता ताईचे पाय पुसा," मी म्हणाले आणि औषधवाल्या काकांकडून मागून आणलेली वही वर धरली.

ताई पांढरीफटक पडली, पण स्वतःच पाय पुसून काट्यावर चढली. सत्तावीस टक्के. वहीतही सत्तावीस. वजन तेवढं साडेतीन किलोने कमी. "गुरूंनी दाखवलेली नऊ टक्के चरबी गेलीच नाही," मी म्हणाले. "आणि गेलेल्या वजनातले अंदाजाने अडीच किलो तर चरबी नव्हतीच. त्यात हिचे स्नायूही गेलेत."

काकू उठली. गुरूंकडे न बघता मंचावर गेली आणि ताईला धरून खाली आणलं. पोस्टातल्या कारकुनाने भर हॉलमध्ये डबा उघडला आणि जेवायला बसला. गुरू काट्याची वायर गुंडाळायला लागले.

जिन्यात ताईने मला गाठलं. "सगळ्यांसमोर! मजा आली ना तुला?"

"आली," मी म्हणाले. "मग नाही आली."

तिने माझा हात झटकला. तिची बोटं गार होती.

शनिवारी ती हट्टाने व्यायामशाळेत आलीच. "पन्नास लावा," म्हणाली. खेळाच्या बाईंनी तीसच लावले. तीन आठवड्यांपूर्वी तीस ती गप्पा मारत उचलायची. आता बार गुडघ्यापर्यंत आला, तिचे पाय थरथरले, बाई "सोड!" ओरडल्या आणि लोखंड गादीवर आपटलं. ताई तिथेच खाली बसली. पन्नास खांद्यावर असते तर? बाईंच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं.

मी चाळीस उचलले. जागा मला मिळाली. वाटलं होतं मला वाईट वाटेल. अजिबात नाही वाटलं. मी व्यायामशाळेभर उड्या मारल्या. नंतर बाईंना विचारलं, "पण बाई, माझा काटा का हलत नाही?"

"चरबी थोडी गेली, तेवढाच स्नायू आला. काट्याला दोन्ही सारखेच. पाच महिन्यांत तू पंचवीस किलो जास्त उचलायला लागलीस, ते काटा कसं सांगेल?"

तर मंडळी, शरीर बाहेरून कुणी कोरत नाही. स्नायूला रोज थोडं जास्त ओझं लागतं, पोटभर चांगलं अन्न लागतं, झोप लागते आणि महिने लागतात. यातलं काहीही न करता कुणी आकडा दाखवला, तर हात जोडण्याआधी तो आकडा कसा आला ते विचारा. दुसऱ्यांदा मोजायला सांगा. तिसऱ्यांदा स्वतः मोजा. आणि ज्याला मोजलेलं खपत नाही, त्याच्या पाया पडू नका.

ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या आधी उठून, दोन अंडी खाऊन, व्यायामशाळेच्या दारात उभी. रिकाम्या बारपासून पुन्हा सुरुवात. पाच आठवडे झाले. तिची बैठक माझ्याहून सरळ आहे, खांदे माझ्याहून स्थिर आहेत आणि काल तिने पस्तीस असे उचलले की बाई "शाब्बास!" म्हणाल्या. मला त्या नुसतं "हं" म्हणतात.

मी अजूनही तिच्यावर जळते. पण आता ती जे खरोखर उचलते, त्यावर.