डागाचे पंच

सीताराम परब यांनी हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका साडीच्या दुकानात एकतीस वर्षं तक्रारीच्या काउंटरवर काढली. कोणी साडी परत आणली की ती उलगडायची, डाग उजेडाला धरायचा आणि तो दुकानातून गेलाय की घरी पडलाय हे ठरवायचं, एवढंच काम. ठरवणं त्यांना चहा निवायच्या आत जमायचं. सांगणं अवघड होतं. डाग घरचा म्हटलं तर गिऱ्हाईक तुटणार, दुकानाचा म्हटलं तर शेठ तोडणार. म्हणून परब सगळ्यांना एकच सांगत, "वहिनी, तुमच्याकडचं पाणी जरा जड आहे." एकतीस वर्षांत पाणी एकदाही भांडायला आलं नाही.

पुढे लोक साड्या मोबाइलवरून मागवू लागले. पसंत पडली नाही की फोटो काढायचा आणि परत पाठवायची. डाग कुणाचा, हे जाणून घ्यायची कुणालाच गरज उरली नाही. शेठनी काउंटर काढून तिथे फोटो काढायला फुलांची कमान लावली आणि परबांचा शाल देऊन सत्कार केला. शालीवर एक बारीक डाग होता. दुकानाचाच. परबांनी तिची डाग आत जाईल अशी घडी घातली.

घरी बसायला त्यांची ना नव्हती, पण घरात बघण्यासारखा एकही डाग नव्हता. पत्नी ललिताबाई फार टापटिपीच्या. असे चार महिने गेल्यावर भाच्याने, वैभवने, त्यांना एका रविवारी परळला एका बंद गिरणीच्या आवारात नेलं. तिथे पोरं पेंटबॉल खेळत. हवेच्या बंदुकीतून रंगाचे गोळे मारायचे. गोळा अंगावर फुटला तर बाद. नुसता आपटून उडाला तर बाद नाही, शेजारी फुटून शिंतोडे आले तरी नाही. म्हणजे अख्खा खेळ डाग कुठून आला यावर उभा, आणि ते सांगणारं कुणी नाही. खेळ दहा मिनिटं चाले आणि भांडण चाळीस.

परब पुढे झाले, एका पोराची बाही दोन बोटांत धरून उजेडाला नेली आणि म्हणाले, "शिंतोडा आहे. खेळू द्या त्याला." भांडण तिथेच मिटलं. त्या दिवसापासून परब पंच. मानधन म्हणून एक वडापाव मिळे.

मग लीग झाली. चार संघांना चार मालक मिळाले. पोरांना खेळाडू म्हणू लागले. त्यांना आहारतज्ज्ञ मिळाली, तिने पहिल्यांदा वडापाव बंद केला. हरल्यावर डोकं न खाजवता कॅमेऱ्याकडे बघून कसं बोलायचं याचा अर्धा दिवसाचा वर्ग झाला. सगळ्यांना निळ्या जर्सी आल्या. त्यांचं कापड घाम चार मिनिटांत वाळवतं, असं त्यांच्यावरच छापलेलं होतं.

हे सगळं सांभाळायला लीगतर्फे कीर्ती तांडेल आली. वरळी कोळीवाड्यातली, वय एकोणतीस, खेळाच्या व्यवस्थापनात पदवी. मुलगी सरळ होती, फक्त तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फॉर्म होता. तिने मैदानाभोवती सहा कॅमेरे बसवले, मोठी स्क्रीन लावली आणि परबांना समजावलं की हे चाचणीचं वर्ष आहे. त्यांचे निर्णय स्क्रीनशी शंभरात पंच्याण्णव जुळले तर पुढच्या मोसमाचं पंचाचं ओळखपत्र, नाही तर आभार. परबांना आभारांचा अनुभव होता. एक शाल घरी होतीच.

उपांत्य सामन्याच्या सकाळी ते बरोब्बर पंच्याण्णववर होते. आणखी एक निर्णय चुकला असता तर पुन्हा ललिताबाईंचं स्वच्छ घर.

सामना लालबाग लान्सर्स आणि गिरगाव ग्लॅडिएटर्सचा. शेवटचा डाव, लालबागचा एकटा धनेश गावकर उरलेला. तो फुगवलेल्या आडोशामागून सरपटत निघाला तोच त्याच्या पाठीवर काहीतरी आपटलं. कंबरेशी पिवळा डाग दिसला. गिरगाववाल्यांनी उड्या मारल्या. धनेशने स्वतःच हात वर केला, म्हणजे मी बाद. स्क्रीनवर सहाही बाजूंनी दाखवलं: गोळा आला, लागला, डाग. स्क्रीनने लाल अक्षरांत 'बाद' लिहिलं. हे सगळं व्हायला अकरा मिनिटं लागली. तोवर मेच्या उन्हात जर्सी छापल्याप्रमाणे वाळली होती, त्यामुळे ओलं की सुकं हा प्रश्नच संपला. आता परबांनी फक्त मान डोलवायची होती.

ते धनेशच्या मागे जाऊन उकिडवे बसले. कापड दोन बोटांत धरलं. उजेडाला फिरवलं. डागाची कड विटकी होती आणि मधला भाग धाग्यात मुरलेला. गोळ्यांच्या कमरपट्ट्याखाली तो झाकलेला असणार. सरपटताना पट्टा वर सरकला. हा रंग गेल्या रविवारचा. कुणीतरी तो लिंबू-सोडा लावून घासलाय आणि कडक उन्हात टाकलाय. रंग साध्या गार पाण्यात जातो, लिंबू-सोड्याने उलट पक्का बसतो, म्हणून तर जर्सी लीगच्या लाँड्रीत द्यायच्या होत्या. पण लालबागमध्ये अशी आई नाही जी मुलाचे कपडे लाँड्रीवर सोडेल.

"बाद नाही," परब म्हणाले. "गोळा फुटलाच नाही. डाग जुना आहे."

गिरगावच्या बाकांवरून कोणीतरी विचारलं की काकांच्या चष्म्याचा नंबर किती आहे. धनेशने हात अर्धवट खाली घेतला आणि तसाच ठेवला. कीर्ती फॉर्म घेऊन आली. तिने हळू आवाजात आठवण करून दिली की स्क्रीनच्या विरुद्ध जायला कारण लिहावं लागतं, आणि जर्सी तर धुतलेली होती. मग डाग राहिला कसा?

परबांनी वर बघितलं. तिसऱ्या रांगेत धनेशची आई, रमाबाई, बसली होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर. पोराचे पांढरे शर्ट तिच्या हातचे असले की अख्ख्या चाळीत ओळखू येतात, हे धनेशनेच एकदा त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. आजूबाजूला तिच्या चाळीच्या सात-आठ बायका होत्या.

"त्यांच्याकडचं पाणी जरा जड आहे," परब म्हणाले.

कीर्तीने लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. पाणी हे कारण फॉर्मवर नव्हतं. शिवाय एवढ्यावर स्क्रीन खोटी ठरवता येणार नाही, असं तिने सांगितलं. तिचं बरोबर होतं. निर्णय स्क्रीनचाच राहणार आणि परब घरी जाणार, हे आता परबांनाही दिसत होतं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

रमाबाई तेवढ्यात पायऱ्या उतरून कठड्यापाशी आली होती.

"पाण्याक कशाक नाव ठेवतास?" ती म्हणाली. "पाणी अख्ख्या चाळीला एकच येतं. त्या बायकांचे कपडे बघा. माझ्याच घरी डाग कसा राहिला? मी लिंबू-सोडा चोळला. जर्सी गच्चीत वाळत घातली. तरी पिवळा राहिला, तेव्हा म्हटलं पट्ट्याखाली जाईल, कोण बघतोय." मग मुलाकडे वळून, "हात खाली कर रे. गेल्या आयतवारचा तो."

चाळीतल्या बायकांपैकी एकीने दुसरीकडे पाहिलं, तेवढंच. कीर्ती फॉर्म उलटसुलट करत राहिली. पंच चुकला यासाठी रकाना होता, खेळाडू चुकला यासाठी होता. स्क्रीन चुकली यासाठी नव्हता. शेवटी तिने पट्टी मागवली, कागद गुडघ्यावर धरून हाताने एक उभी रेघ मारली आणि नव्या रकान्यात बरोबरची खूण केली. धनेश परत आत गेला आणि चाळीस सेकंदांत खराखुरा बाद झाला. लालबाग हरलं. परबांचे पंच्याण्णव टिकले.

सामन्यानंतर रमाबाई कठड्यापाशीच थांबली होती. परब तिच्यापाशी गेले. आभार मानायचे होते, पण त्यांना त्याचा सराव नव्हता.

"तुम्ही हिंदमाताला होता ना?" तिनेच विचारलं. "पाणी जड म्हणालात तेव्हा आवाज ओळखला. पंचवीस वर्षं झाली. माझ्या लग्नाचा शालू. पदराला बोटभर डाग. घेऊन आले तर हेच सांगितलंत."

परबांना शालू आठवला. त्यांना सगळे डाग आठवत.

"तेव्हापासून मी पाणी फडक्याने गाळून घेते," रमाबाई म्हणाली. "सासू हसायची. आता सांगा भाऊ, तो डाग कुणाचा होता?"

मैदानात पोरं आडोसे हवा काढून गुंडाळत होती. परबांनी गळ्यातली शिट्टी काढली, खिशात ठेवली.

"दुकानाचा," ते म्हणाले. "काउंटरवर ठेवलात तेव्हाच कळलं होतं."

रमाबाईने मान हलवली, पंचांचा निर्णय मान्य केल्यासारखी. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन वडापाव काढले, त्यातला एक आहारतज्ज्ञ बघत नाही ना याची खात्री करून मुलासाठी बाजूला ठेवला आणि दुसरा परबांना दिला.